‘डिकेन्सियन’ : एक तळटीप

* डिकेन्सियन : चार्ल्स डिकेन्स (१८१२–१८७०) या इंग्रज कादंबरीकाराच्या नावावरून रूढ झालेले विशेषण. ते बहुधा जागेला लागते : कोंदट खोल्या, काजळलेल्या भिंती, राबणारी पोरे. हा अर्थ लेखकाने स्वतः भोगलेला आहे. १८२४ मध्ये वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. भरलेल्या बरणीच्या तोंडावर कागद बांधायचा, कडा कातरायच्या, लेबल चिकटवायचे, की पुढची बरणी. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या उपाशी मुलांबद्दलचा कळवळा इतका खरा का वाटतो, ते यावरून उमगते.

पण ‘डिकेन्सियन नाताळ’ म्हटले की चित्र पार पालटते. धगधगती शेकोटी, भरलेली ताटे, जमलेला गोतावळा! याचे श्रेय मुख्यतः १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ला.

माणसाला लावल्यास अर्थ आणखी निराळा : लकबींमुळे कायम लक्षात राहणारा, काहीसा विक्षिप्त. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला कर्जबाजारी तरीही सदा आशावादी मिकॉबर हा त्याचा उत्तम नमुना, त्यात डिकेन्सच्या वडिलांची छाया आहे.

प्रस्तुत उताऱ्यात हे विशेषण गिरणीलगतच्या वस्तीला लावले आहे, म्हणून पहिला अर्थ घ्यावा. — संपादक