टाळूची शिवण आणि वाणी

इ. स. १८१९ च्या सप्टेंबर महिन्यांत पॅरिस येथील प्रख्यात शस्त्रवैद्य फिलिबेर रू यांनीं एका तरुणाचा टाळू शिवला. तरुणाचें नांव जॉन स्टीफन्सन. तो कॅनडांतील माँट्रियलचा. एडिंबरो येथें वैद्यकाचा अभ्यास चालू असतां तो फ्रान्सला आला होता. त्याच्या मृदु टाळूला, म्हणजे ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते त्या मांसल पडद्याला, जन्मतःच फट होती; त्यामुळें त्याचें बोलणें गेंगाणें येई. भावी वैद्यास हें व्यंग केवढें जाचत असेल!

ही फट वाणीला कशी बाधते, हें आपल्या वर्णमालेवरून चांगलें कळतें. 'ब' म्हणतांना ओठ मिटतात व वारा क्षणभर तोंडांत कोंडतो. त्याच वेळीं मृदु टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. 'म' म्हणतांनाहि ओठ तसेच मिटतात, पण नाकाची वाट खुली राहते. दोहोंत भेद काय तो टाळूच्या हालचालीचा. हा पडदाच दुभंगलेला असला म्हणजे वारा कोंडत नाहीं. 'ब' चा 'म' होतो, 'द' चा 'न' होतो आणि 'स' नाकांतून फुसफुसत बाहेर पडतो. प्रत्येक वर्गाचा शेवटचा वर्ण अनुनासिक ठेवणाऱ्या आपल्या प्राचीन शिक्षाकारांस हा भेद पक्का उमगलेला होता. 'म', 'न' मात्र अशा रोग्यास सुखानें म्हणतां येतात.

रू यांच्या आधीं उपाय होता तो बहुधा बुचाचा. सोळाव्या शतकांत आंब्रोज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें टाळूचें भोंक झांकण्यासाठीं सोन्याची वा चांदीची तबकडी व तिच्या पाठीवर स्पंजाचा तुकडा, अशी युक्ति वर्णिली आहे. ओलाव्यानें स्पंज फुगे व तबकडी जागच्या जागीं राही. टाळू शिवण्याचा प्रयोग बर्लिनमध्यें ग्रेफे यांनीं १८१६ मध्येंच केला होता. परंतु गाजली ती स्टीफन्सनवरील शस्त्रक्रिया. भूल देण्याची विद्या पुढें १८४६ मध्यें प्रसिद्धीस आली. तेव्हां रोग्यानें शुद्धीवर राहून तोंड उघडें ठेवावयाचें आणि वैद्यानें फटीच्या कडा ताज्या कापून टांके घालावयाचे, असा तो प्रकार होता. स्टीफन्सननें तो सोसला, आणि १८२० मध्यें एडिंबरोच्या पदवीसाठीं त्यानें जो लॅटिन प्रबंध लिहिला त्याचा विषय स्वतःचा टाळू हाच घेतला! पुढें मायदेशीं परतून, १८२३ मध्यें माँट्रियल येथें जी वैद्यकीय शिक्षणसंस्था निघाली तिच्या संस्थापकांत तो होता. हीच संस्था १८२९ मध्यें मॅक्गिल विद्यापीठाची वैद्यकशाखा झाली. ज्याचें बोलणें गेंगाणें होतें तो तेथें शरीररचनाशास्त्रावर व्याख्यानें देऊं लागला.

या यशानें एक गैरसमजहि पसरला. फट मिटली कीं वाणी सुटली, असें शस्त्रवैद्यांस वाटूं लागलें. १८६१ मध्यें बर्लिनच्या लांगेनबेक यांनीं कठीण टाळूवरील त्वचा अस्थिवेष्टनासह सोडवून मध्यावर आणून जोडण्याची रीति प्रसिद्ध केली. तेणेंकरून मोठ्या फटीहि मिटूं लागल्या. पण रोगी बोलूं लागला कीं स्वर पुष्कळदां पूर्वीचाच! फ्रांकफुर्टच्या पासाव्हां यांनीं याचें कारण नेमकें हेरलें: शिवलेला टाळू आंखूड पडतो, घशाच्या मागील भिंतीस टेकत नाहीं, आणि मग नाकाची वाट उघडीच राहते. न्यूयॉर्कचे दंतवैद्य नॉर्मन किंग्स्ली यांनीं तर मऊ रबराचा कृत्रिम पडदाच बनविला. दंतवैद्य श्रेष्ठ कीं शस्त्रवैद्य, हा वाद बराच काळ चालला. त्याचा तपशील येथें नको.

खरें वळण विसाव्या शतकांत पॅरिसलाच लागलें. व्हिक्टर व्हो हे तेथें मुलांचे शस्त्रवैद्य होते. आपण शिवलेल्या टाळूंतून उच्चार कसे निघतात हें तपासण्यास त्यांनीं १९२६ च्या सुमारास सुझान बोरेल या तरुण बाईंस पाचारण केलें. श्वासाचीं व नादाचीं कंपनें यंत्रानें रेखाटून दाखविणारे ध्वनिशास्त्रज्ञ आबे रुस्लो यांच्या त्या शिष्या. शस्त्रवैद्यानें आपल्या कामाची परीक्षा दुसऱ्याच्या कानावर सोपवावी, हा मोठेपणा त्या काळीं विरळाच होता. अशा मुलांस वारा तोंडांत कोंडतां येत नाहीं म्हणून तीं तो खालीं कंठांतच अडवावयास शिकतात. 'क' च्या जागीं घशांत नुसता एक हिसका बसतो. ही संवय टाळू शिवल्यानेंहि जात नाहीं. ती धीरानें, खेळतां खेळतां मोडावी लागते. उलटपक्षीं, टाळूच आंखूड असला तर कितीहि सराव करून उपयोग नाहीं. तेथें पुन्हां शस्त्रच हवें. कोणत्या मुलाला काय हवें, हें ओळखणें म्हणजेच निदान. १९३१ मध्यें व्हो यांनीं बोरेलबाईंच्या सहकार्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांत शरीररचना व शस्त्रक्रिया यांच्या जोडीला ध्वनिशास्त्र हा शब्द आला आहे.

शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी वाणी चांगली, हेंहि व्हो यांनीं आग्रहानें सांगितलें. आज टाळू बहुधा वर्षाच्या आंतबाहेर शिवतात. आपल्याकडे मात्र ग्रहणांत भाजी चिरली म्हणून मूल असें झालें, असा दोष आईच्या माथीं मारला जातो. गर्भाच्या टाळूचे दोन पडदे साधारणतः बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यावर जुळतात; ते जुळले नाहींत तर फट राहते. ग्रहणाचा येथें संबंध नाहीं. पण त्या लाजेपायीं मूल घरांत दडवून ठेवलें कीं मोलाचीं वर्षें जातात. परीक्षेचें एक साधन तर अगदींच घरगुती आहे. मुलाच्या नाकाखालीं थंड आरसा धरून त्यास 'पापा' म्हणावयास सांगतात. टाळू आपलें काम करीत असेल तर आरसा स्वच्छ राहतो; नसेल तर त्यावर वाफ धरते.