चिन्हांपासून संख्येपर्यंत

कागदावर लिहिलेलें ४२७ आणि मनांत मोजलेले चारशें सत्तावीस यांत माणसाला भेद भासत नाहीं. संगणकाच्या लेखीं मात्र लिहिलेलें ४२७ म्हणजे केवळ तीन चिन्हांची ओळ होय. या ओळीची संख्या व्हावी कशी?

१९६३ सालीं अमेरिकेंत ॲस्की ही संकेतपद्धति प्रसिद्ध झाली. तींत शून्याच्या चिन्हास ४८ व नवाच्या चिन्हास ५७ हे क्रमांक मिळाले. अर्थात् क्रमांकांतून ४८ वजा केले कीं अंकाची किंमत हातीं येते. प्रथम चार, त्यांची दहापट करून दोन मिळविले कीं बेचाळीस, पुन्हा दहापट करून सात मिळविले कीं चारशें सत्तावीस सिद्ध!

रीति सोपी खरी. पण ओळींत अंकांऐवजीं अक्षरेंच असलीं तर? सी भाषेंतील ‘ए-टू-आय’ हें जुनें साधन अशा वेळीं सामान्यतः मुकाट्यानें शून्य परत देतें. खरें शून्य आणि फसलेलें वाचन, दोहोंचें उत्तर एकच! हिशेबांत असा घोटाळा लवकर ध्यानांतहि येत नाहीं. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणांत समाविष्ट झालेलें ‘स्ट्रिंग-टू-लाँग’ हें साधन वाचन कोठें थांबलें हेंहि कळवितें.

१९९१ सालच्या युनिकोडमध्यें देवनागरी अंकांनाहि स्थान मिळालें. तेथें शून्याचा क्रमांक २४०६ असल्यानें ४८ वजा करून भागत नाहीं. पायथॉन भाषा मात्र देवनागरी ४२७ हि बिनचूक वाचते.

यंत्राला वाचावयास शिकवितांना, वाचतां आलें नाहीं हें कबूल करावयासहि शिकवावें लागलें, हेंच या इतिहासाचें सार होय.