कस, टंच आणि हॉलमार्क : हैदराबादच्या सराफ्यातल्या कागदांची गोष्ट

आपल्या मंडळात सनदा, वतनपत्रं, देवस्थानच्या हिशेबवह्या असं बरंच काही वाचलं जातं. सरकारी फॉर्म हासुद्धा उद्या इतिहासाचं साधन होणार असतो, हे मात्र तो भरताना कुणाच्या ध्यानात येत नाही. २०२१ साली सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा चारकमान आणि गुलजार हौज भागातल्या काही छोट्या सराफांचे नोंदणीचे कागद मी तयार करून दिले. माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे ओळखीची मंडळी अशी कामं घेऊन येतात. कागद जुळवायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्यांच्या प्रश्नांना. एका वयस्कर सराफांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, घरातलं सोनं पण लिहून द्यावं लागतं काय?"

फॉर्ममध्ये असं काहीच विचारलेलं नव्हतं. मग ही भीती आली कुठून? तिचा माग काढताना जे हाती लागलं, ते या टिपणात मांडतो.

कस सांगणारा माणूस

मराठीत आपण माणसाचा कस पाहतो, कुणी कसोटीला उतरतो, कुणाचा स्वभाव बावनकशी असतो. हे सगळे शब्द सराफकट्ट्यावरून आलेले आहेत. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासायचा, शेजारी माहितीतल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघांचे रंग ताडून पाहायचे. तेजाबाचा थेंब टाकला की हलक्या सोन्याची रेघ पुसट होते. वेगवेगळ्या कसाच्या सुया जवळ ठेवून सोनं पारखण्याची रीत अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त वर्णिली आहे. तिथे तिला 'बनवारी' म्हटलं आहे.

मराठी मुलखात हे काम पोतदाराकडे असायचं. गावचा सोनारच बहुधा पोतदार असे. रयतेने साऱ्यापोटी भरलेली नाणी खरी की खोटी, झिजलेली की पुऱ्या वजनाची, हे तो पाहायचा. नाणं हलकं असलं की बट्टा बसायचा. आमच्या निजाम इलाख्यात हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार असे दोन रुपये शेजारी शेजारी चालायचे, त्यामुळे पारखणाऱ्याचं आणि बट्ट्याचं महत्त्व आणखीच वाढलेलं. आज पोतदार हे आडनाव उरलं आहे, त्यामागचं काम विस्मरणात गेलं.

त्या व्यवस्थेत दाखला म्हणजे माणूस होता. पोतदाराने 'चालेल' म्हटलं की नाणं चालायचं. सोनाराने आपली छाप उठवली की तो दागिना त्याच्या नावाने ओळखला जायचा. त्याचा शब्द खोटा निघाला तर त्याला त्याच गावात, त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असे. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिऱ्हाईक परगावचं असेल, अडाणी असेल किंवा एकटी बाई असेल, तर त्या शब्दाची खातरजमा करायचं कसलंही साधन तिच्या हाती नसायचं.

या साखळीतला आणखी एक माणूस म्हणजे गलाईवाला. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले खानापूर, आटपाडी हे तालुके कायम दुष्काळी. तिथली तरुण पोरं सोनं-चांदी गाळण्याचा धंदा शिकून देशभर पांगली. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ज्या ज्या शहरात सराफा आहे, तिथे एखाद्या बोळात विटा-आटपाडीकडची मराठी कानावर पडते. हैदराबादही त्याला अपवाद नाही. मूस, शेगडी, चिमटा, तेजाबाची बरणी आणि तराजू, एवढाच त्यांचा संसार. जुना दागिना वितळवायचा, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोन्याची लगड हातात द्यायची आणि टंच सांगायचा. टंच म्हणजे शंभरात सोनं किती. त्याची चिठ्ठी लहानशी, कधी नुसतीच तोंडी. पण बाजार तिच्यावर चालायचा.

चौदा कॅरटचं भूत

सरकारी कागद सोनाराच्या दारात खऱ्या अर्थाने आला तो जानेवारी १९६३ मध्ये. चीनशी युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची चोरटी आयात जोरात होती. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटवर हात बसलेल्या कारागिरांना हे सोनं मानवेना. ते कडक, रंगाने फिकं, आणि मंगळसूत्रासाठी गिऱ्हाईक त्याला हात लावेना. देशभर सोनार बेकार झाले. त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत येत होत्या.

कॅरटची ही अट १९६६ मध्ये उठली, पण नियंत्रण राहिलंच. १९६८ मध्ये सुवर्ण (नियंत्रण) कायदा झाला. व्यापाऱ्याला परवाना, सोनं शुद्ध करणाऱ्याला परवाना, कारागिराला प्रमाणपत्र, आणि आलेल्या-गेलेल्या सोन्याची नोंदवही. सामान्य माणसाला लगड किंवा बिस्किट बाळगता येत नव्हतं, आणि ठरावीक वजनापलीकडे दागिने असतील तर ते सरकारला कळवावे लागत. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे सत्तावीस वर्षं सराफ्याने हे दडपण सोसलं.

वर सांगितलेल्या सराफांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. वडिलांच्या दुकानात ते पोरवयात बसायचे. अधिकारी आला की वही आणि तराजू यांचा मेळ लागेपर्यंत घरात चूल पेटायची नाही, असं ते सांगतात. त्यांच्या लेखी 'सोन्याचा सरकारी कागद' याचा अर्थ एकच, तपासणी.

मी त्यांना दोन्ही कागदांतला फरक समजावून सांगितला. तो करताना माझ्याही मनात एक गोष्ट स्वच्छ झाली. सुवर्ण नियंत्रणाचा कागद विचारायचा, 'सोनं किती आहे आणि कुणाकडे आहे?' हॉलमार्कचा कागद विचारतो, 'सोनं किती शुद्ध आहे आणि तसं कोण म्हणतो?' पहिला प्रश्न सरकारच्या तिजोरीचा होता, दुसरा गिऱ्हाइकाचा आहे. घरातल्या जुन्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, आणि गिऱ्हाइकाकडून बिनशिक्क्याचं जुनं सोनं सराफाला आजही विकत घेता येतं. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग ठीक आहे. लिहा तुम्ही."

फॉर्ममध्ये काय मागतात

हॉलमार्क हा शब्द लंडनच्या सोनारांच्या सभागृहावरून पडला. तिथे तपासून शिक्का मारलेला तो हॉलमार्क. भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी ही योजना एप्रिल २००० मध्ये सुरू केली आणि चांदीसाठी २००५ मध्ये. दोन दशकं ती ऐच्छिक होती. जानेवारी २०२० मध्ये सक्तीचा आदेश निघाला, कोविडमुळे मुदत पुढे ढकलली गेली, आणि १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत १४, १८ आणि २२ कॅरटच्या दागिन्यांना तो लागू झाला. आमचं शहर पहिल्याच टप्प्यात आलं. पुढे २०, २३ आणि २४ कॅरट आणि आणखी जिल्हे जोडले गेले.

नोंदणी ब्यूरोच्या मानक ऑनलाइन या संकेतस्थळावर करायची. दुकान अस्तित्वात असल्याचा पुरावा, जागेचा पत्ता, सही करणाऱ्याची ओळख, उलाढाल आणि प्रत्येक शाखेची वेगळी नोंदणी, असा एकूण मामला. वाचायला सोपं वाटतं. पण जुन्या सराफ्यात पाटी आजोबांच्या नावाची, भाडेपावती चुलत्याच्या नावाची, जीएसटी नातवाच्या नावावर आणि गल्लीचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेने लिहिलेलं. उर्दूतून तेलुगूत, तेलुगूतून इंग्रजीत जाताना एकाच आडनावाची अक्षरं बदललेली. माझा बहुतेक वेळ गेला तो ही नावं एका ओळीत आणण्यात. दुकानाचं घराणं कागदावर कसं तुटत-जुळत गेलं, हे त्या चार पानांत दिसतं.

वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सक्तीतून सूट आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलका नग, कुंदन, पोलकी आणि जडावाचं काम यांनाही सूट आहे. आमच्याकडच्या एका छोट्या सोनाराला ही सूट मिळत होती, तरी त्याने नोंदणी केलीच. "गिऱ्हाईक विचारतं ना, नऊशे सोळा आहे का म्हणून. सूट आहे असं सांगितलं की त्याला वाटतं, माल हलका आहे." हे त्याचं कारण. कायद्याने सोडलं तरी बाजार सोडत नाही.

नोंदणी झाल्यावर रोजचा कागद सुरू होतो. मान्यताप्राप्त केंद्राकडे माल पाठवताना नग किती, प्रकार कोणता, वजन किती आणि कस कोणता सांगितला, हे आधी भरायचं. एका खेपेत एकाच कसाचा माल हवा. तपासणीत उतरला तर शिक्का उठतो, नाही उतरला तर नग तसाच परत येतो. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक नगाला सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, मिळू लागला. त्याच्या कामाच्या बोजाविरुद्ध २३ ऑगस्ट २०२१ रोजी देशभरातल्या अनेक सराफांनी एक दिवसाचा लाक्षणिक बंदही पाळला. पण १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आता शिक्क्यात तीनच खुणा असतात : ब्यूरोचं चिन्ह, कस आणि हा क्रमांक. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे चोविसात बावीस. दुकानात नोंदणीचा दाखला लावायचा आणि दसपट मोठं दाखवणारं भिंग गिऱ्हाइकासाठी ठेवायचं, हेही बंधन आहे.

याचा खरा फायदा जुन्या 'केडीएम'च्या गोंधळाशी ताडून पाहिला की कळतो. पूर्वी डाख लावताना त्यात तांबं-पितळ जायचं, त्यामुळे बावीस कॅरटचा हार मोडायला गेलं की कमी भरायचा. मग कॅडमियमचा डाख आला. तो तापवताना उडून जातो, म्हणून कस टिकतो. पण त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसाला घातक. लोकांना मात्र वर्षानुवर्षं 'केडीएम' हा शुद्धतेचाच शिक्का वाटत होता. भारतीय मानकात कॅडमियमला जागा नाही. आणि शिक्का असलेला दागिना सांगितल्यापेक्षा हलका निघाला, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळण्याची तरतूद आहे. त्या परगावच्या एकट्या बाईला पोतदाराच्या काळात हे मिळत नव्हतं.

गलाईवाल्याचा रकाना

मग या कागदांत गलाईवाला कुठे आहे? कुठेच नाही. नोंदणी विकणाऱ्याची होते, मान्यता तपासणाऱ्या केंद्राला मिळते. मधल्या बोळात सोनं गाळणाऱ्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. त्याची टंचाची चिठ्ठी व्यापाऱ्याच्या आपसात चालते, पण गिऱ्हाइकासमोर तिला कायद्याचं बळ नाही.

गंमत अशी की केंद्रातली अंतिम चाचणी त्याच्याच विद्येवर उभी आहे. क्ष-किरणांचं यंत्र दागिन्याचा वरचा थर वाचतं. पक्का निकाल हवा असेल तर अग्निपरीक्षाच करावी लागते. थोडं सोनं काढून घ्यायचं, त्यात चांदी मिसळायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवायचं. शिसं हलक्या धातूंना घेऊन सच्छिद्र वाटीत मुरतं. उरलेली गोळी चपटी करून नत्राम्लात टाकली की चांदी विरघळते आणि निव्वळ सोनं राहतं. आत सोन्याचा हिस्सा साधारण चौथाई असला तरच तेजाब पोटात शिरतं, हे गलाईवाल्याचं पोर दहा-बारा वर्षांचं असतानाच शिकतं. सोनं शुद्ध करतानाही तो आधी चांदी मिसळतो ती याचसाठी.

आमच्या ओळखीच्या एका गलाईवाल्या मामांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मशीन मिनिटात सांगतंय, खरं हाय. पर मशीनला सोनं साफ कराया येत न्हाई. ते अजून आमच्याकडंच हाय." त्यांचा मुलगा मात्र भट्टीवर बसत नाही. तो एका तपासणी केंद्रात नोकरीला आहे आणि रोज संगणकावर नग भरतो. घराणं एकच, विद्याही एकच. बापाचा दाखला त्याच्या नावावर चालायचा, मुलाचा त्या सहा अक्षरांवर चालतो.

शुद्धतेचा कागद हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. खंत एवढीच आहे, की कागद ज्यांना रकाना देत नाही त्यांचा इतिहासही राहत नाही. म्हणून मंडळाच्या वाचकांना विनंती आहे. आपल्या घरी किंवा शेजारी सुवर्ण नियंत्रणाच्या काळातली नोंदवही, सोनाराचं प्रमाणपत्र, गलाईचा परवाना, कसाच्या सुया किंवा टंचाची एखादी चिठ्ठी असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढा. मागे साल, गल्ली, ती कुणाच्या हाताची आणि तो माणूस कुठल्या गावाहून आला होता, एवढं लिहून ठेवा. सध्याच्या हॉलमार्कच्या पावत्याही एका लिफाफ्यात जपून ठेवाव्यात. पन्नास वर्षांनी त्या वाचणारं कुणीतरी इथेच असेल.