राजूर परिसरातील मोलाचा व्यापार : भोगवर्धनापासून वाळूजपर्यंत

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोहोंच्या साधारण मध्यावर वसलेले राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते आणि राजा वरेण्याला गणेशगीतेचा उपदेश येथेच झाला अशी श्रद्धा आहे; चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, येथे लोटणारी गर्दी हीच या गावाची सर्वपरिचित ओळख आहे. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र या परिसराची स्थिती फार कठीण होती. समुद्र ४०० किलोमीटरच्या आसपास दूर, नौकानयनाला उपयोगी पडेल अशी नदी जवळ नाही, खनिज नाही, आणि शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. अशा प्रदेशात कोणता धंदा तग धरतो, हा प्रश्न विचारला की गेल्या दोन हजार वर्षांतील वेगवेगळ्या व्यवसायांमध्ये एक समान सूत्र दिसू लागते : जो माल वजनाने थोडा, मोलाने फार, आणि ज्याची खरी गुणवत्ता खरेदीच्या क्षणी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे करणाऱ्याच्या नावावर विसंबून घ्यावा लागतो, त्या मालाने येथे घट्ट पाय रोवले. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत तयार होणारी मापनयंत्रे याच मालिकेत बसतात, आणि त्यांच्या स्पर्धात्मक बळाचे मोजमाप करायचे तर ते या मालिकेत ठेवूनच करणे उचित ठरते.

राजूरच्या उत्तरेस, केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. पैठणहून अजिंठ्यामार्गे उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे नगर सातवाहन काळात भरभराटीला आले होते, आणि भारहुत व सांची येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख सापडतात. मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे केलेल्या उत्खननात मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंती काम मिळाले. त्यातील एका हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा अवशेष इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी इतका मिळताजुळता आहे की दोहोंच्या कारागिरीचा संबंध संशोधकांनी वारंवार चर्चिला आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे त्यापूर्वीच अशा घडणीची वस्तू रोमन साम्राज्यात पोहोचली होती. बैलाच्या पाठीवरून घाट उतरवून बंदरापर्यंत न्यायचा माल धान्याचा असता तर वाहतुकीच्या खर्चातच त्याची किंमत संपली असती. मणी आणि हस्तिदंत यांना तो खर्च सहज पेलत होता.

रेल्वेने हे गणित काही काळ बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते सिकंदराबाद ही निजाम संस्थानातील मीटरगेज रेल्वे सुरू झाल्यावर जालन्याला सरकी काढणाऱ्या आणि गठाणी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा जोर वाढला, आणि ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण सार्थ वाटावी अशी पेठ येथे नांदली. परंतु कापसाची गाठ ही कुठल्याही पेठेत मिळणारी वस्तू होती. तिचा भाव दूरच्या बाजारात ठरत असे आणि जालन्याच्या व्यापाऱ्याला त्यावर हुकमत नव्हती.

ही हुकमत प्रथम मिळवली ती बियाण्याच्या धंद्याने, आणि या प्रदेशाच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण तेच आहे. हिंगोलीत जन्मलेले आणि तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झालेले बद्रीनारायण बारवाले यांनी प्रारंभी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करून विकले, आणि १९६४ मध्ये जालन्यात ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’, म्हणजेच महिको, स्थापन केली. त्याच वर्षी ‘सीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला होता, आणि १९६६ मध्ये बियाणे अधिनियम आला. म्हणजे विज्ञान, कायदा आणि उद्योजक तिघेही एकाच वेळी रंगमंचावर आले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

या धंद्याचे बळ कशात होते, हे नीट पाहिले पाहिजे. संकरित बियाणे म्हणजे दोन शुद्ध जनक वाणांच्या संकरातून मिळणारी पहिली पिढी. तिच्यापासून आलेले दाणे पुन्हा पेरले तर गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे घ्यावे लागते, आणि जनक वाण ज्याच्या हाती नाहीत त्याला तेच बियाणे बनवता येत नाही. त्याशिवाय, बियाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, पण ते फसले तर नांगरट, खत, मजुरी आणि सबंध वर्ष वाया जाते. त्यामुळे थोड्या स्वस्ताईसाठी अनोळखी पिशवी घेण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. तिसरे बळ गावागावांतील हातांचे होते. कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मादी झाडाच्या कळीतील पुंकेसर फूल उमलण्याआधी काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे परागकण तिच्यावर फिरवायचे, हे ‘क्रॉसिंग’चे काम जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावांनी, त्यातही मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी, आत्मसात केले. हे कौशल्य कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिले जात नाही. तरीही त्याच्यावाचून जनक वाण असूनही बियाणे हाती आले नसते.

पोलादाच्या उद्योगाची कथा याच्या उलट आहे. भंगार वितळवून त्याच्या सळया काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांनी जालन्याला मोठा रोजगार दिला, परंतु सळई जड असते, प्रमाणित असते, आणि एका कारखान्याची सळई सोडून दुसऱ्याची घेताना बांधकाम करणाऱ्याला फारसे काही गमवावे लागत नाही. म्हणून या उद्योगाचे भवितव्य विजेचा दर आणि भंगाराचा भाव यांच्याशी बांधलेले राहिले.

वाळूजची मापनयंत्रे ज्यात मोडतात तो संवेदक, कनेक्टर अशा इलेक्ट्रॉनिक घटकांचा उद्योग बियाणे आणि पोलाद या दोहोंपैकी कोणत्या बाजूला बसतो, हे ठरवण्यासाठी त्याचे स्वरूप पाहावे लागते. संवेदक, म्हणजे सेन्सर, हे तापमान, दाब, पातळी किंवा प्रवाह यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे साधन होय. कनेक्टर हा तो संकेत किंवा वीज एका तारेतून दुसऱ्या तारेत खंड न पडता नेणारा, हवा तेव्हा सोडवता येणारा सांधा होय. अमेरिकेतील ॲम्फेनॉल ही कंपनी १९३२ मध्ये शिकागोत आर्थर श्मिट यांनी स्थापन केली ती रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी फिनॉलिक प्लास्टिकची खोबण बनवण्यासाठी. युरोपातील एंड्रेस+हाउझर १९५३ मध्ये जर्मनीतील ल्योराख येथे गेओर्ग एंड्रेस आणि लुडविग हाउझर यांनी सुरू केली ती टाक्यांतील पातळी मोजणाऱ्या उपकरणांपासून. पहिल्या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ भोसरीत आहे, तर दुसरीचे प्रवाहमापक आणि तापमान-संवेदक राजूरपासून फार दूर नसलेल्या वाळूजला तयार होतात. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आल्यानंतर वाळूजला यंत्रउद्योगाचे जे जाळे विणले गेले, त्यात हा सूक्ष्म कामाचा उद्योग पुढे सामावला.

प्रवाहमापकाचे मूळ तत्त्व गुप्त नाही. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या वाहक द्रवात विद्युत दाब निर्माण होतो, हा फॅरेडे यांच्या १८३१ च्या शोधाचा परिणाम, आणि कंप पावणाऱ्या नळीतून द्रव गेला की तिला सूक्ष्म पीळ पडतो, हे कोरिओलिस यांच्या १८३५ च्या सिद्धान्तावर आधारलेले मापन. दोन्ही पाठ्यपुस्तकांत आहेत. मग नवा स्पर्धक सहज का शिरत नाही? त्याचे पहिले कारण बियाण्यासारखेच आहे : दुधाच्या, औषधाच्या किंवा रसायनाच्या प्रकल्पात मापक हा एकूण खर्चाचा अल्प अंश असतो, पण तो चुकला तर सबंध घाणा बिघडतो किंवा अपघात होतो. दुसरे कारण अंशांकनाचे, म्हणजे प्रत्येक मापकातून ज्ञात प्रमाणात पाणी सोडून त्याचे वाचन प्रमाणित मानकाशी ताडून पाहण्याचे आहे. अंशांकनाची मान्यताप्राप्त व्यवस्था उभारण्यास पैसा लागतो, आणि तिच्या प्रमाणपत्रावर ग्राहकाचा विश्वास बसण्यास अनेक वर्षे लागतात. तिसरे कारण असे की एकदा नळमार्गात बसलेले उपकरण, त्याचे सुटे भाग, नियंत्रण संगणकातील त्याच्या नोंदी आणि त्यावर शिकलेले कर्मचारी हे सर्व एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे बदलताना उपकरणाच्या किमतीपेक्षा किती तरी अधिक मोजावे लागते. मोटार किंवा विमान यांच्या कनेक्टरलाही हेच लागू पडते, कारण तेथे एकदा मंजूर झालेला भाग त्या नमुन्याचे उत्पादन चालू असेपर्यंत सहसा बदलला जात नाही.

या बळाला मर्यादाही आहेत. जो कनेक्टर सर्व उत्पादकांच्या मान्यतेने प्रमाणित झाला, जसा मोबाइलच्या चार्जिंगचा सांधा, तो सळईच्याच वर्गात जातो आणि केवळ भावावर विकला जातो. साधा तापमान-संवेदकही त्याच दिशेने चालला आहे. म्हणून अशा उत्पादकाचे मूल्यमापन करताना त्याची एकूण उलाढाल पाहून भागत नाही. त्यातील किती भाग ग्राहकाच्या रचनेत रुतलेला आहे आणि किती भाग कोणीही पुरवू शकेल असा आहे, याची फोड करणे आवश्यक ठरते, आणि पुष्कळ विश्लेषणे नेमकी हीच फोड टाळतात.

प्रदेशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धडा पुन्हा बियाण्याच्या इतिहासातच आहे. १९९८ मध्ये मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि २००२ मध्ये बोंडअळीला प्रतिकार करणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा स्पर्धेचा कणा जनक वाणांकडून एका जनुकाकडे सरकला. ते जनुक परदेशात घडलेले होते, शुल्क भरून अनेक कंपन्यांनी ते घेतले, त्यामुळे एकाच गुणाच्या अनेक पिशव्या दुकानात आल्या आणि पुढे सरकारने भावावरही नियंत्रण आणले. क्रॉसिंगचे कौशल्य गावांतच राहिले, पण मोलाचा गाभा गावापासून दूर गेला.

वाळूजच्या मापनयंत्रांबाबत हा गाभा मुळातच दूर होता, कारण एंड्रेस+हाउझरच्या प्रवाहमापकांची घडण स्वित्झर्लंडमधील राइनाख येथे आकाराला आली. येथे आले ते काटेकोर जुळणीचे आणि अंशांकनाचे काम, आणि ते कमी लेखण्यासारखे मुळीच नाही. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, जर्मन सहकार्याने उभे राहिलेले साचे-हत्यारे बनवण्याचे प्रशिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूम, आणि विद्यापीठ परिसरातील इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र यांनी त्यासाठी माणसे घडवली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जालन्यातून खुला झाल्यावर बंदराचे अंतरही पूर्वीइतके जाचक राहिलेले नाही. तरीही निर्णय स्पष्ट द्यावा लागतो : आज या उद्योगातील स्पर्धात्मक बळ कंपन्यांचे आहे, प्रदेशाचे नाही. जालन्याच्या बियाण्याला १९६४ नंतरच्या तीन दशकांत जे स्थान मिळाले ते जनक वाण जालन्याच्या हाती होते म्हणून मिळाले, आणि राजूर-भोकरदनच्या मुलांना संवेदकांच्या धंद्यात तसे स्थान हवे असेल तर जुळणीबरोबर रचनेचे कामही मराठवाड्यात आणणे, त्यासाठी येथील महाविद्यालयांनी आणि उद्योजकांनी आतापासून पैसा व वेळ घालणे, हाच एक मार्ग आहे.