भुशाची शेगडी, गॅस आणि रॉकेट चूल : स्वारगेट परिसराच्या निमित्ताने

प्रस्तावना

स्वयंपाकाच्या इंधनाचा इतिहास बहुधा चढत्या पायऱ्यांचा म्हणून मांडला जातो : लाकूड, कोळसा, रॉकेल आणि अखेरीस गॅस. गॅसच्या जुन्या ग्रिलमध्ये रॉकेट चुलीची रचना बसवून त्यावर पुन्हा लाकूड जाळण्याचे प्रयोग मात्र या क्रमाला छेद देतात. या उलट्या प्रवासाचा ऐतिहासिक अर्थ प्रस्तुत लेखात तपासला आहे.

स्थानिक पूर्वसूत्र

स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने सेव्हन लव्हज चौकाकडे गेले की टिंबर मार्केटचा परिसर लागतो. लाकूड कापताना उरणारा भुसा हे अल्प उत्पन्नाच्या घरांचे इंधन होते. पत्र्याच्या डब्याला तळाशी भोक पाडून एक दांडा आडवा व एक उभा ठेवायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि दांडे अलगद काढून घ्यायचे. मागे काटकोनी पोकळी उरते. खालून हवा शिरते व ज्योत वर चढते. वाड्यांतील तांब्याच्या बंबातही मधल्या उभ्या नळीत विस्तव असे.

तत्त्वातील भेद

अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट चुलीची तत्त्वे मांडली. तिच्यातही तोच काटकोन आहे. भेद आहे तो उष्णता राखण्याचा. बंबात नळीभोवती पाणी असल्याने ज्वाळा लवकर थंडावते व धूर उरतो. रॉकेट चुलीत नळीभोवती राखेसारखा उष्णतारोधक थर असतो; त्यामुळे आतील उष्णता टिकून धुराचा बराचसा अंश नळीतच जळतो. म्हणूनच ग्रिलचे बर्नर काढून तेथे नुसती लाकडे रचणे हे रूपांतर नव्हे. गॅस बर्नरमध्ये हवेत आधीच मिसळून येतो. लाकडाला मात्र जळण्यासाठी स्वतंत्र कोठी लागते. सिलिंडर, रेग्युलेटर व रबरी नळी पूर्णपणे दूर करणे आणि ही चूल उघड्यावरच पेटवणे, या दोन अटी अनिवार्य आहेत.

धोरणाचा अनुभव

भारत सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये थांबला. या काळात कोट्यवधी चुली बसविल्या गेल्या. परंतु त्यांतील अनेक लवकरच वापराबाहेर गेल्या. मोजणी बसविलेल्या चुलींची झाली, पेटणाऱ्या चुलींची नव्हे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने वेगळी दिशा धरली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला. येथे विचाराचा आरंभ भांड्यापासून नव्हे, तर हाताशी असलेल्या टाकाऊ इंधनापासून झाला.

निष्कर्ष

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी गरीब घरांपर्यंत नेली; तथापि जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हौसेने लाकडाकडे वळणारा आणि नाइलाजाने वळणारी गृहिणी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याला गॅसकडे परतण्याची मुभा असते. दुसरीच्या वाट्याला धूर येतो. रॉकेट चूल लाकूड वाचवते व धूर कमी करते, नाहीसा करीत नाही. इंधनाच्या इतिहासाची मांडणी करताना कोणते इंधन आले याबरोबरच ते निवडण्याचे स्वातंत्र्य कोणाला होते, हेही नोंदविले पाहिजे.