‘हड’ आणि टेक्सासच्या कुरणांवरचा अस्त

मार्टिन रिट यांचा कृष्णधवल चित्रपट ‘हड’ १९६३ साली प्रदर्शित झाला. त्याचे बाह्यचित्रण टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडल या सपाट, वाऱ्याच्या प्रदेशातील क्लॉड या लहानशा गावाच्या परिसरात झाले. कथा लॅरी मॅकमर्ट्री यांच्या १९६१ च्या पहिल्या कादंबरीवर आधारलेली आहे. मॅकमर्ट्री स्वतः टेक्सासमधल्या गुरे पाळणाऱ्या घराण्यातले होते. आजोबांच्या पिढीने उभे केलेले जग नातवाच्या डोळ्यांदेखत संपत होते आणि त्या संपण्याची हकिगत त्यांनी लिहिली.

ते जग फार जुने नव्हते. कोमँची आणि कायोवा या मूळ रहिवाशांना लष्कराने १८७४-७५ च्या मोहिमेत या पठारावरून हुसकावले. त्याच सुमारास शिकाऱ्यांनी रानगव्यांचे प्रचंड कळप कातड्यांसाठी संपवले. मोकळ्या झालेल्या या जमिनीत चार्ल्स गुडनाइट यांनी १८७६ साली पालो ड्युरो दरीत आपला कळप उतरवला. पॅनहँडलमधील रँचचा, म्हणजे विस्तीर्ण कुरणांवरील गुरांच्या व्यवसायाचा, आरंभ येथून धरतात. ज्याच्या मालकीचा अभिमान चित्रपटातल्या होमर बॅननसारखे म्हातारे रँचमालक बाळगतात, ते कुरण आधी दुसऱ्यांकडून हिरावलेले होते, हे विसरून हा इतिहास सांगता येत नाही.

पहिली गुरे लाँगहॉर्न जातीची होती: स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेल्या जनावरांची वंशज, लांब शिंगांची, काटक, शेकडो मैल चालू शकणारी. यादवी युद्धानंतर ती हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेली जात. १८७४ साली पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने मोकळी कुरणे बंदिस्त केली, रेल्वे दाराशी आली आणि लांबच्या हाकणीची गरज उरली नाही. मग जास्त मांस देणाऱ्या हेरफर्ड जातीने लाँगहॉर्नला मागे सारले. ती जात इतकी विरळ झाली की १९२७ साली सरकारला ओक्लाहोमात तिचा एक कळप मुद्दाम राखावा लागला. चित्रपटात होमरने जुन्या दिवसांची खूण म्हणून दोन लाँगहॉर्न पाळले आहेत, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

विसाव्या शतकात कुरणाखालचे तेल कुरणापेक्षा मोलाचे ठरले. १९२० च्या दशकात पॅनहँडलमध्ये तेलाच्या विहिरी लागल्या. होमरला आपल्या जमिनीत विहिरी खणणे मान्य नाही, त्याचा मुलगा हड याला मात्र तेच हवे आहे. बाप-लेकाचे भांडण स्वभावाचे आहेच, पण ते दोन अर्थव्यवस्थांचेही आहे.

हे भांडण पेटते लाळ्या-खुरकूत रोगामुळे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा रोग ओळखीचा आहे. येथे लसीकरण आणि उपचार करून जनावर वाचवतात, अमेरिकेचे धोरण मात्र लागण झालेला सबंध कळप मारून पुरण्याचे होते. १९२९ नंतर त्या देशात हा रोग दिसलेला नाही. मेक्सिकोत मात्र १९४६ साली साथ आली आणि पुढे सुमारे दहा लाख जनावरे मारली गेली. चित्रपटातही संशय मेक्सिकोहून आणलेल्या गुरांवर येतो. निदान होण्याआधीच गुरे विकून टाकावीत, असे हड सुचवतो. होमर नकार देतो. पुढे सारा कळप खड्ड्यात उतरवून गोळ्या घातल्या जातात आणि दोन लाँगहॉर्न होमर स्वतःच्या हाताने मारतो. चित्रपटातला हा सर्वांत थोर प्रसंग आहे. एका माणसाची हयातभराची कमाई आणि एका प्रदेशाचे गतवैभव तेथे एकाच वेळी मातीआड जाते.

जेम्स वाँग हाउ यांच्या छायाचित्रणात रिकामे आकाश आणि उघडी जमीन यांना पात्रांइतकेच वजन आहे. त्यांना ऑस्कर मिळाले. घरकाम सांभाळणाऱ्या अल्माच्या भूमिकेसाठी पॅट्रिशिया नील यांना आणि होमरच्या भूमिकेसाठी मेल्विन डग्लस यांनाही ते लाभले. कादंबरीत स्वयंपाकीण कृष्णवर्णीय आहे आणि हड हा होमरचा सावत्र मुलगा आहे. पटकथाकार अर्विंग रॅव्हेच आणि हॅरिएट फ्रँक यांनी हे दोन्ही बदलले आणि कादंबरीत कडेला असलेल्या हडला केंद्रस्थानी आणले.

पॉल न्यूमन यांनी साकारलेला हा हड बेदरकार, स्वार्थी आणि देखणा आहे. दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून भाऊ गेलेला आहे, आणि पुढे तो अल्मावर जबरदस्ती करू पाहतो. प्रेक्षकांना त्याचा तिटकारा यावा, अशी रिट यांची अपेक्षा होती. तरुण प्रेक्षकांनी मात्र त्याला नायक मानले. याचा दोष प्रेक्षकांवर ढकलणे योग्य नाही. न्यूमन यांचे आकर्षण खरे होते, आणि होमरची नीतिमत्ता ज्या धंद्यावर उभी होती तो धंदाच खचत चालला होता. शेवटी होमर मरतो, हडचा पुतण्या लॉनी घर सोडतो आणि रँच हडच्या हाती पडते, पण तिथे गुरे उरलेली नसतात.

२०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘हड’चा समावेश करण्यात आला.