एका तारेकडून दोन तारांकडे

सुरुवातीच्या टेलिफोनला खांबावरून एकच तार जायची. परतीचा रस्ता म्हणजे जमीन. मग अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि त्यांची घरघर थेट रिसिव्हरमध्ये शिरली. यावरचा उपाय ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्येच पेटंट केला होता: एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा. बाहेरचा गोंगाट दोघींत सारखाच शिरतो. पलीकडे दोघींतला फरक तेवढा घेतला की तो गळून पडतो. बॅलन्स्ड जोडणी ती हीच.

रेडिओ केंद्रांनी आणि स्टुडिओंनी ती टेलिफोनकडूनच घेतली. पुढे कॅनन कंपनीचा तीन पिनांचा एक्सएलआर प्लग तिथे रुळला. घरांत मात्र आरसीएचा स्वस्त प्लग रुजला: मधे एक पिन, भोवती कवच.

या दोन घराण्यांची सोयरीक अडॅप्टर जुळवतो. उघडला तर आत फारसं काही नसतं. आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या दोन नंबरला, कवच एक नंबरला आणि तीन नंबरही त्याच कवचाला. आवाज येतो, पण सिग्नल बॅलन्स्ड होत नाही. घरगुती पातळी साधारण 0.32 व्होल्ट, स्टुडिओची 1.23; त्यामुळे आवाज दबतो. दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून गुणगुण आली, तर खरा इलाज ट्रान्सफॉर्मरच. त्यात दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना शिवतही नाहीत. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पार होतो.